नवा फ्रॉक जुना करताना

ड्रायक्लीनच्या त्या दुकानात, वाफेच्या इस्त्रीमागे, खिडकीला चिकटून एक स्टूल होतं आणि त्या स्टुलावर चौदा वर्षं एकच बाई बसत होती. तिला सगळे रफूवाली म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं होतं. कोणाच्या कोटाला खिळा लागलेला असो, कोणाचा स्वेटर कसरीने खाल्लेला असो, कोणी सिगारेटची ठिणगी पाडून पँटला भोक पाडलेलं असो, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढायची, सुईत ओवायची आणि भोक असं बुजवायची की गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून विचारायचं, "पण फाटलं होतं कुठे?" हा प्रश्न ऐकला की तिचा दिवस सार्थकी लागायचा.

घरासाठी मात्र ती बरोबर उलटं काम करायची. नवा कोरा कपडा घ्यायची, तो जुना करायची आणि तो नवा आहे हे कोणाला कळू द्यायची नाही. कोणाला म्हणजे एकाच व्यक्तीला. ती व्यक्ती दहा वर्षांची होती आणि तिची लेक होती.

लेकीला स्वमग्नता होती. ती तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी हा शब्द सांगितला आणि तेव्हापासून त्याचा अर्थ रफूवालीला समजावून सांगायला लोकांची रांग लागली होती. ज्यांना काहीच कळत नव्हतं ते जास्त सविस्तर समजवायचे. रफूवालीला स्वतःला सात वर्षांत जे कळलं ते एवढंच: लेक दिवसाकाठी पंधरा-वीस शब्द बोलते आणि त्यातले निम्मे आकडे असतात. ताटात भात बटाट्याला लागलेला चालत नाही. मिक्सर सुरू करायचा तर आधी सांगावं लागतं. न विचारता कोणी अंगाला हात लावला तर ती अशी किंचाळते की खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघतात. आणि अंगात रोज एकच फ्रॉक लागतो.

फ्रॉक म्हणजे काही राजवस्त्र नव्हतं. निळ्या-करड्या चौकटींचं सुती कापड, पुढे एक खिसा, मनगटापर्यंत बाह्या. लेक चार वर्षांची असताना तो तिच्या अंगात गेला आणि मग दुसरं काही तिने अंगाला लावूच दिलं नाही. बाहेर पडल्यावर जिथे पहिल्यांदा बसायची तिथे ती फ्रॉकची तपासणी करायची. बोट ठेवून, चार जागी, ठरलेल्या क्रमाने. वरून दुसरं बटण, त्याचा डावा टवका उडालेला. खिशाचा कोपरा, तिथे फाटून रफू केलेलं. खिशाखाली पेनाच्या शाईचा डाग, शेंगदाण्याएवढा, एका बाजूला शेपूट असलेला. आणि उजवीकडच्या खालच्या दुमडीतून लोंबणारा दोन बोटं धागा. चारही खुणा जागच्या जागी सापडल्या की ती "चार" म्हणायची आणि मग जगाला पुढचं काम सुरू करायला परवानगी असायची. या तपासणीमुळे तिचे वडील तिला 'साहेब' म्हणत.

वडील पाण्याचे मीटर वाचायचे. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपून आलेला हा माणूस शांत होता, प्रेमळ होता आणि कुठल्याही संकटावर त्याच्याकडे एकच उपाय होता. "होईल," तो म्हणायचा. काय होईल, कधी होईल, कोण करेल, हे तपशील तो बायकोवर सोपवायचा.

आता मुलगी वाढते, पण फ्रॉक वाढायचं नाव घेत नाही. लेक पाच वर्षांची व्हायला आली तेव्हा रफूवालीने त्याच कापडाचा, जरा मोठा, सुंदर नवा फ्रॉक शिवला आणि कौतुकाने तिच्यापुढे धरला. लेकीने बोट ठेवलं. बटण धड. खिसा धड. डाग नाही, धागा नाही. पुढचे तीन दिवस ती चादर गुंडाळून पलंगाखाली बसली होती आणि घरात ज्या किंकाळ्या झाल्या त्यांनी 'होईल' म्हणणाऱ्या माणसाचीही वाचा बसली.

त्या तीन दिवसांत रफूवालीला जे उमगलं ते एकाही सल्लागाराने सांगितलं नव्हतं. पोरीला फ्रॉक नको होता, फ्रॉकवर जे जे होऊन गेलं ते सगळं हवं होतं. मग काय, तिने त्या कापडाचे दोन तागे आणून दुकानाच्या माळ्यावर टाकले आणि ती कामाला लागली.

नवा कपडा जुना करणं हे जुना नवा करण्याच्या दसपट कठीण काम आहे. कापड आधी सोड्यात उकळायचं. मग दुकानाच्या मशीनमध्ये दगडगोटे घालून वीस वेळा धुवायचं. मालक विचारायचा, "आत काय, डोंगर धुताय का?" मग गच्चीवर आठ दिवस ऊन द्यायचं, एका बाजूने जास्त, कारण मूळ फ्रॉक त्याच बाजूने विटला होता. चहाच्या फिक्या पाण्यात बुडवून पिवळटपणा आणायचा. बाह्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या. बटणाचा टवका पकडीने उडवायचा, आणि नेमका डावा टवका उडायला पाच-सहा बटणं बळी जायची. डागासाठी एक गळकं निळं पेन तिने सुयांच्या डब्यात वेगळं जपून ठेवलं होतं. हे सगळं जेवणाच्या सुट्टीत व्हायचं. आणि फ्रॉक तयार झाला की लेक आंघोळीला गेली असताना, जी आंघोळ चाळीस मिनिटांच्या आत कधी उरकत नसे, खुंटीवरचा जुना उचलून तिथे नवा जुना लटकवायचा.

दुःख एकाच खुणेचं होतं. खिशाच्या कोपऱ्याचं ते पहिलं रफू तिने कधीकाळी रडतरडत, घाईघाईत केलं होतं आणि ते तिच्या आयुष्यातलं सर्वांत भिकार काम होतं. वाकडं, गाठाळ, दुसऱ्याच रंगाच्या धाग्याचं. आता दर खेपेला ते तसंच्या तसं करावं लागायचं. गावातली सर्वांत चांगली रफूवाली दर वर्षी एकदा जीव लावून स्वतःच्या सर्वांत वाईट कामाची नक्कल करायची.

या सगळ्याला ताण म्हणतात हे तिला नणंदेने सांगितलं. नणंद दुसऱ्या गावी राहायची आणि फोनवरून सगळं सांभाळायची.

"वहिनी, तू टेन्शन घेतेस ना, म्हणून पोरगी टेन्शन घेते."

"बरं."

"बरं नाही, हस जरा. आरशासमोर उभी राहून हस. मी व्हिडिओ पाठवलाय."

"आमच्या आरशासमोर साहेब उभ्या असतात सकाळी."

"बघ! कसं तुटक बोलतेस!"

जिन्यात भेटणाऱ्या बायका वेगळ्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या नात्यात कोणी ना कोणी सहा वर्षांपर्यंत मुका असलेला होता आणि तो आता परदेशात इंजिनियर होता. अशा इंजिनियरांची संख्या पाहता त्या देशात दुसरं कोणी राहत असेल असं रफूवालीला वाटेना.

या सगळ्यांत एक गोष्ट मात्र खरोखरची भाग्याची घडली होती. लेकीला शाळा मिळाली होती. अशा मुलांची ती एकच शाळा, वीस जागांची. तिथल्या वर्गाच्या बाई कोणाला हात लावत नसत, तीन पावलं लांब उभ्या राहून नाव घेत आणि उत्तराची वाट बघत. कितीही वेळ. लेक तिथे खिडकीजवळ बसायची. तिने वर्षभरात दोनशेपर्यंतची बेरीज केली होती, आणि एकदा, एकदाच, घरी आल्यावर आपणहून म्हणाली होती, "उद्या शाळा." त्या दिवशी रफूवाली स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत रडली होती, आनंदाने.

तर त्या शाळेचं पत्र आलं. जागांची दर वर्षी फेरतपासणी होणार. बाहेर मोठी यादी खोळंबलेली आहे. यंदापासून नवा नियम: पालकाने 'ताणमुक्त पालकत्व' हा आठ सत्रांचा वर्ग पूर्ण करावा, सोबतची विश्रांती-वही भरावी आणि शेवटी मुलासह समितीपुढे यावं. सत्राला उशीर तीनदा झाल्यास वर्ग रद्द. वर्ग रद्द झाल्यास जागा रद्द.

"होईल," मीटरवाला म्हणाला.

"तुम्ही जाता का मग?"

"मला कुठला आलाय ताण?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि ते खरंच होतं.

वर्ग दर बुधवारी दुपारी दोनला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. जेवणाची सुट्टी त्यात जायची ती जायचीच, वर मालकाची बोलणी. रफूवाली दोन बस बदलायची आणि धापा टाकत चार जिने चढायची. जिन्याच्या प्रत्येक वळणावर पाटी होती: 'सावकाश. घाई हा आजार आहे.' दारात एक कारकून घड्याळ घेऊन बसलेला असायचा आणि दोन वाजून एक मिनिटाने आलेल्यांच्या नावापुढे लाल फुली मारायचा.

शिकवणाऱ्या मॅडम गोड होत्या. त्यांना मूल नव्हतं, एक मांजर होतं आणि उदाहरणं बहुतेक त्या मांजराची असायची. प्रत्येक वाक्यामागे त्या "श्वास घ्या" म्हणत, म्हणून रफूवालीने मनातल्या मनात त्यांचं नाव श्वासबाई ठेवलं.

"डोळे मिटा. तुमचा ताण म्हणजे एक फुगा आहे असं समजा. श्वास घ्या. कोणत्या रंगाचा दिसतो?"

"निळा-करडा," रफूवाली म्हणाली. "चौकटींचा."

"सुंदर! आता तो सोडून द्या."

"तो सोडला तर मुलगी पलंगाखाली जाईल, मॅडम."

श्वासबाईंनी डोळे न उघडता स्मित केलं. अशा उत्तरांना त्यांच्याकडे स्मित होतं.

वर्गातला सर्वांत हुशार विद्यार्थी एक बेकरीवाला होता. त्याला जुळे मुलगे होते, दोघांचंही तसंच. तो पहिल्या "डोळे मिटा"ला डोळे मिटायचा ते तासाच्या शेवटीच उघडायचा. श्वासबाई त्याच्याकडे बोट करून म्हणायच्या, "बघा, याला म्हणतात एकाग्रता." एकदा जिना उतरताना रफूवालीने त्याला विचारलं, "तुम्हाला कसं जमतं हो?"

"ताई, मी इथे झोपायला येतो," तो म्हणाला. "आठवड्यात एवढाच तास मला कोणी हाक मारत नाही. बाकी त्या काय बोलतात, मला काय माहीत?"

ती त्या मजल्यावर बोलली गेलेली एकमेव उपयोगाची गोष्ट होती. पण रफूवालीला बसल्याबसल्या झोप येत नसे. डोळे मिटले की फ्रॉक दिसायचा. अंगातला फ्रॉक काखेत दाटायला लागला होता, शिवण ताणली जात होती, कधी टर्रकन जाईल याचा नेम नव्हता. नवा समितीच्या दिवसाआधी व्हायला हवा होता. आणि तो जुना करायचा वेळ हे लोक ताण घालवण्यात घालवत होते.

त्यात ती विश्रांती-वही. रोजचं एक पान आणि पानावर तीन प्रश्न. आज स्वतःसाठी काय केलं? किती मिनिटं? कसं वाटलं? पहिल्या दिवशी तिने खरं लिहिलं: 'काही नाही. शून्य. माहीत नाही.' श्वासबाईंनी त्याखाली हिरव्या शाईने लिहिलं, 'प्रयत्न कमी पडतो आहे.' मग रफूवालीने हात आवरते घेतले. सात आठवडे वही कोरीच राहिली आणि शेवटच्या सत्राच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, दुकानात स्टुलावर बसून तिने ती एका दमात भरली.

नकली जुनं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तीन वेगवेगळी पेनं घेतली. एक साधं, एक पुसट, आणि सुयांच्या डब्यातलं गळकं निळं, घाईत लिहिलेल्या दिवसांसाठी. 'बागेत चालले. तीस मिनिटं. प्रसन्न.' 'गाणी ऐकली. पंचवीस मिनिटं. हलकं वाटलं.' 'आरशासमोर हसले. दहा मिनिटं. प्रसन्न.' तिसऱ्या आठवड्याच्या पानावर चहाचा गोल डाग पाडला. दोन पानांचे कोपरे दुमडले. एका जागी पाण्याचा थेंब टाकून अक्षर फुलवलं, जणू आनंदाश्रू. वही इतकी जगलेली दिसायला लागली की वाचताना तिला स्वतःलाच त्या बाईचा हेवा वाटला.

बुधवारी श्वासबाईंनी ती वही सगळ्यांपुढे उंच धरली. "याला म्हणतात प्रवास!" त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. टाळ्यांनी बेकरीवाला जागा झाला आणि त्यानेही वाजवल्या. रफूवाली मान खाली घालून उभी राहिली. गळकं पेन पिशवीत वहीबरोबर गेलं होतं आणि तिथेच राहिलं होतं, सुयांच्या डब्यात परत गेलं नव्हतं. हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

समिती सोमवारी होती. रविवारी दुपारी फ्रॉक तयार झाला. बटण, रफू, धागा. डब्यात पेन दिसलं असतं तर डाग आठवला असता. पेन दिसलं नाही, डाग आठवला नाही. सोमवारी सकाळी लेक आंघोळीला गेली, फ्रॉक खुंटीवर आला, लेकीने अंगात घातला. काखेत सैल बसला. रफूवालीने सुटकेचा श्वास सोडला. तो आठ सत्रांतला कुठलाही नव्हता, तिचा स्वतःचा होता.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि पलीकडे तीन माणसं: अध्यक्षबाई, शाळेचे डॉक्टर आणि श्वासबाई. टेबलाच्या कडेला हजेरीचं रजिस्टर, त्याला दोरीने बांधलेलं पेन. अध्यक्षबाई कनवाळू होत्या. त्यांनी पुष्कळ लोकांचं भलं केलं होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

"मुलीने पंधरा मिनिटं शांत बसावं, एवढंच बघायचं आहे," त्या म्हणाल्या. "आरडाओरडा झाला तर मात्र... यादी मोठी आहे हो."

लेक खुर्चीत बसली आणि तिने तपासणी सुरू केली. दुसरं बटण, डावा टवका. बरोबर. खिशाचा कोपरा, वाकडं रफू. बरोबर. बोट खिशाखाली गेलं.

तिथे काही नव्हतं.

एका क्षणात रफूवालीला सगळं दिसलं: गळकं पेन, वहीतलं 'प्रसन्न', टाळ्या. ताणमुक्त असल्याचा पुरावा तयार करताना तिने लेकीचा डाग खर्च करून टाकला होता. बोट त्या कोऱ्या जागेवर थांबलं होतं, हलत नव्हतं. आता किंकाळी. मग पलंगाखालचे तीन दिवस. मग खिडकीजवळची जागा दुसऱ्या कोणाची. तिला धावून पोरीला उराशी धरावंसं वाटलं, आणि नेमकं तेच करून चालणार नव्हतं. टेबलापलीकडून श्वासबाई दोन्ही हातांनी खुणा करत होत्या: आत... बाहेर...

लेक उठली. टेबलापाशी गेली. दोरीचं पेन उचललं. दोरी आखूड होती, म्हणून फ्रॉकचा पुढचा भाग ओढून तिने टेबलाच्या कडेवर ठेवला, पेनाचं टोक खिशाखाली टेकवलं आणि धरून ठेवलं. शाई पसरू दिली. शेंगदाण्याएवढी झाल्यावर पेन जरासं डावीकडे ओढून शेपूट काढलं. फुंकर मारली. पेन रजिस्टरवर जसं होतं तसं ठेवून खुर्चीत येऊन बसली, खालच्या दुमडीचा धागा बोटाने तपासला आणि म्हणाली, "चार."

मग हात मांडीवर ठेवून गप्प बसली.

अध्यक्षबाईंनी कागदावर लिहिलं आणि लिहितालिहिता हळू वाचलं, "स्वतःचे कपडे... शाईने... खराब करते." मग चष्मा काढून त्या प्रेमळपणे म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. पण पोरीला इथे आणताना तरी धड कपडा घालायचा की नाही? विटलेला, फाटलेला, बटण मोडकं. आईचं लक्ष किती आहे ते अशा गोष्टींतून कळतं आम्हाला." आणि त्यांनी कपाटातून एक फ्रॉक काढला. गुलाबी, झालरीचा, टिकल्या लावलेला, गळ्याला लेबल टोचणारा. "हा घ्या. आमच्याकडे असे येतात."

रफूवाली त्या टिकल्यांकडे बघत राहिली. आणि चौदा वर्षं स्टुलावर गप्प बसलेल्या बाईचा तोल गेला.

"हा फ्रॉक काल दुपारी तयार झाला," ती म्हणाली.

"कोणता?"

"तिच्या अंगातला." ती लेकीपासून तीन पावलांवर उभी राहिली. "साहेब, दुमड दाखवू का?" लेकीने मान हलवली. मग तिने जवळ जाऊन, खाली बसून फ्रॉकची कड उलटी केली. आतलं कापड गर्द होतं, तिथे ऊन पोचलं नव्हतं. शिवणीपाशी खडूची पांढरी रेघ अजून पुसलेली नव्हती. "हा खडू बघा. कालचा आहे, सगळं धुऊन झाल्यावर दुमड घालतानाचा. त्याआधी कापड वीस वेळा धुतलाय, आठ दिवस उन्हात टाकलाय, बाह्या घासल्यात, बटण पकडीने मोडलंय. हे रफू मुद्दाम वाईट केलंय. मी रफूवाली आहे, मॅडम. मला चांगलं करता येतं. तुमच्या जॅकेटच्या कोपरावर आहे ना, ते मीच केलंय. दिसतंय का सांगा."

अध्यक्षबाईंनी नकळत कोपर झाकलं.

"मला बागेत चालायला वेळ नाही. वहीत सगळं खोटं लिहिलंय, एकाच दिवशी बसून," ती श्वासबाईंकडे वळून म्हणाली. "माझा सगळा वेळ या फ्रॉकात जातो. काय करायचं ते करा."

शाळेचे डॉक्टर पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाले, "म्हणजे तिला माहीत नाही? इतकी वर्षं तुम्ही तिला फसवताय?"

हा प्रश्न तिला फार लागला, कारण तो तिने स्वतःला पुष्कळदा विचारलेला होता. "हो," ती म्हणाली.

"किती शिवले असे?"

तिने मनात मोजलं. सहा वर्षं, वर्षाला एक. "हा धरून सहा."

"सात," लेक म्हणाली.

रफूवालीने तिच्याकडे पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघत होती. "इस्त्री," ती म्हणाली. "जळला. सात."

आणि रफूवालीला आठवलं. मधल्या एका वर्षी नवा फ्रॉक तीन आठवड्यांतच इस्त्रीखाली जळला होता, आणि तिने दोन दिवसांत दुसरा उभा करून लेक आंघोळीत असताना गुपचूप खुंटीवर अडकवला होता. ती स्वतः ते विसरून गेली होती. लेक विसरली नव्हती. लेकीला पहिल्यापासून एकूण एक माहीत होतं. आई दर वर्षी घाम गाळून तिला फसवत होती आणि ती दर वर्षी बोट ठेवून, क्रमाने, "चार" म्हणून आईचं काम पास करत होती.

रफूवाली खाली बसलेलीच होती, म्हणून बरं झालं. तिथेच तिने पदराने डोळे पुसले आणि हसायला लागली, आणि तो हसण्याचा प्रकार आरशासमोरच्या व्हिडिओत बसणारा नव्हता.

आठ दिवसांनी शाळेचं पत्र आलं. जागा कायम. मुलगी अनपेक्षित प्रसंगी संयम राखते, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. खाली अध्यक्षबाईंचा शेरा होता: 'पालकाच्या ताणाची पातळी चिंताजनक. पुढील वर्षासाठी प्रगत वर्ग, बारा सत्रं. सोबत नवी विश्रांती-वही.'

"बघ, झालं की नाही?" मीटरवाला म्हणाला, आणि जणू आपणच केलं अशा समाधानाने त्याने पत्राची घडी घातली.

पुढला फ्रॉक कापायची वेळ आली तेव्हा रफूवालीने ताग्यातलं कापड पहिल्यांदाच घरी आणलं. एका सुट्टीच्या दुपारी जेवणाच्या टेबलावर सगळं उघड्यावर मांडलं: पकड, बटणं, पॉलिश पेपर, गळकं पेन. तिला धाकधूक होती. लेक आली, तिने सगळ्या वस्तू मोजल्या, खुर्ची ओढली, पॉलिश पेपर घेतला आणि बाह्यांच्या कडा घासायला लागली. आईपेक्षा सारख्या घासत होती.

खिशाच्या कोपऱ्याचं रफू मात्र रफूवालीने यंदा हौसेने सुरेख केलं. आता चोरी कोणाची होती? लेकीने त्यावर बोट ठेवलं.

"वाकडं," ती म्हणाली.

रफूवालीने निमूट उसवलं आणि वाकडं केलं.

मग तिला करण्यासारखं काही उरलं नाही. लेक बटणांना लागली होती आणि मदत नको होती. तिने स्वतःपुरता चहा केला, खुर्चीत टेकली आणि तो गरम असतानाच, पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत, बसून प्यायली. असं शेवटचं कधी झालं होतं तिला आठवेना. कप खाली ठेवून तिने नवी वही ओढली आणि दुसरं काही सुचेना म्हणून खरं तेच लिहिलं. 'आज स्वतःसाठी काय केलं? चहा प्यायले. किती मिनिटं? वीस.'

पकडीचा आवाज थांबला. लेकीचं बोट टेबलावरून सरकत आलं आणि वहीतल्या आकड्यावर टेकलं.

"एकवीस," ती म्हणाली.

रफूवालीने वीस खोडून एकवीस लिहिलं.